नॉट व माख अंक
नॉट व माख अंक : वेग सांगण्याच्या दोन भिन्न रीती. ताशी एक सागरी मैल (१,८५२ मी.) या वेगास एक नॉट म्हणतात; १ नॉट = १·८५२ किमी./तास = ०·५१४४ मी./से. वस्तूचा भोवतालच्या द्रायूच्या (द्रव वा वायूच्या) सापेक्ष असलेला वेग व त्याच ठिकाणचा ध्वनिवेग यांच्या गुणोत्तरास माख अंक म्हणतात. नॉट हे एकक आहे, तर माख अंक ही निव्वळ संख्या आहे. त्यामुळे नॉटचे किमी./तासमध्ये करावे तसे माख अंकात रूपांतर एकाच ठराविक गुणकाने करता येत नाही; हवेचे तापमान माहीत असावे लागते.

नॉट हे नाव नौकानयनातील आहे. ठराविक अंतरावर गाठी मारलेली दोरी जहाजावरून पाण्यात सोडीत आणि वाळूच्या घड्याळाच्या सु. अर्ध्या मिनिटात किती गाठी हातातून गेल्या ते मोजीत. गाठ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून एककास नाव पडले. सागरी मैलाचे १,८५२ मी. हे आंतरराष्ट्रीय मूल्य १९२९ मध्ये मोनॅको येथील परिषदेत ठरले. ‘माख अंक’ ही संज्ञाही त्याच वर्षी स्विस शास्त्रज्ञ याकोप आकेरेट यांनी रूढ केली, हा एक योगायोगच होय. एर्न्स्ट माख (१८३८–१९१६) यांनी बंदुकीच्या गोळीने हवेत उठविलेल्या आघात तरंगांची छायाचित्रे १८८७ मध्ये प्रसिद्ध केली होती.

हवेतील ध्वनिवेग मुख्यत्वे तापमानावर अवलंबून असतो. निरपेक्ष तापमान T (केल्व्हिन) असल्यास ध्वनिवेग नॉटमध्ये ३८·९७√T इतका येतो. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीस (१५° से.) तो ६६१·५ नॉट, तर ११ किमी. उंचीवर (–५६·५° से.) ५७३·६ नॉट असतो. उंचीवर हवा विरळ असल्यामुळे ध्वनी मंद होतो, असा समज पुष्कळांचा असतो. तो बरोबर नाही. मंद होण्याचे कारण थंडी हे आहे.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर ते बदलापूर हे सु. १० किमी. अंतर उदाहरणादाखल घेता येईल. ३०° से. तापमानाच्या दिवशी तेथे जमिनीलगत ध्वनिवेग सु. ३४९ मी./से. म्हणजे ६७८ नॉट असतो व हे अंतर कापण्यास ध्वनीला सु. २९ सेकंद लागतात. ४८० नॉट वेगाच्या विमानास ४० सेकंद लागतील. हा वेग जमिनीलगतच्या हवेत माख ०·७१ होईल, ११ किमी. उंचीवरील प्रमाण हवेत तोच माख ०·८४ होतो. मात्र उष्ण कटिबंधात तपस्तब्धी (तपांबर व स्थितांबर यांमधील सीमा) सु. १६-१७ किमी. उंचीवर असते आणि ११ किमी.वरील हवा प्रमाण वातावरणापेक्षा पुष्कळदा उबदार असते. ती १०° से.ने उबदार असल्यास त्याच ४८० नॉटचा माख अंक ०·८२ येतो. छापील कोष्टकावर विसंबून राहणाऱ्याने ही तफावत ध्यानात ठेवावी.

१४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर यांनी बेल एक्स-१ विमानातून सु. १३ किमी. उंचीवर माख १·०६ गाठला, तेव्हा वेग सु. ६०८ नॉट होता. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत तेवढाच वेग माख ०·९२ म्हणजे अवस्वनी ठरला असता.

रूपांतरातील खरा घोटाळा ‘कोणते नॉट’ या प्रश्नाशी होतो. वरील सूत्रात खरा वायुवेग घालावयाचा असतो. विमानातील वायुवेगमापक पिटो नलिकेतील दाबावर चालतो व विरळ हवेत खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवितो. सु. ८·९ किमी. उंचीवर मापकातील ३०० नॉट म्हणजे खरे ४६१ नॉट, अर्थात माख ०·७८. मापकातील ३०० ला तेथील ध्वनिवेगाने (५९१ नॉट) भागले, तर ०·५१ हे सर्वस्वी चुकीचे उत्तर येते. याउलट जमिनीवरून रडारने वा दूरध्वनीवरील नकाशात दिसतो तो भूवेग होय. त्यात वाऱ्याचा वेग मिसळलेला असतो. पाठीमागून ६० नॉटचा वारा असल्यास ४८० चे ५४० नॉट दिसतात. माख अंक मुळीच बदलत नाही.

ही गोष्ट केवळ गणिताची नाही. क्रांतिक माख अंक ओलांडला की, पंखावर आघात तरंग निर्माण होऊन रोध वाढतो व विमान थरथरू लागते. मापकातील वेग फार घटला, तर उत्थापक प्रेरणा अपुरी पडते. उंची वाढत जाते तशा या दोन मर्यादा एकमेकींजवळ येतात आणि अतिशय उंचावर वैमानिकाच्या हाती थोड्याच नॉटची मोकळीक उरते. म्हणूनच जेट विमान चढताना आरंभी नॉट स्थिर ठेवते व पुढे माख अंक स्थिर ठेवते.

माख २ करिता आखलेले भारताचे एचएफ-२४ मारुत (पहिले उड्डाण १९६१) पुरेशा शक्तीच्या एंजिनाअभावी ध्वनिवेगाच्या आसपासच राहिले. नासिकजवळील ओझर येथे मिग-२१ व पुढे सुखोई-३० एमकेआय ही स्वनातीत विमाने तयार झाली. ब्राह्मोस क्षेपणास्त्र घेऊन सुखोईचे पहिले उड्डाण २०१६ मध्ये नासिकलाच झाले. ब्राह्मोसचा माख २·८ हा वेग समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत १,८५२ नॉट, ३०° से.च्या हवेत १,९०० नॉट, तर १५ किमी. उंचीवर सु. १,६०६ नॉट भरतो.

पाण्यात मात्र माख अंकाचा उपयोग नाही. अंबरनाथ येथील नौसैनिक सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुड्यांसाठी इंधन-विद्युत घटाची प्रणाली विकसित केली आहे. पण पाणबुडीचा वेग नॉटमध्येच सांगतात. समुद्राच्या पाण्यात ध्वनिवेग सु. १,५०० मी./से. म्हणजे २,९०० नॉटहून अधिक असल्यामुळे २० नॉट वेगाच्या पाणबुडीचा माख अंक जेमतेम ०·००७ येतो.