कामगाराचे आरोग्य – लेखांक ४ : रातपाळी आणि शरीराचे घड्याळ

रातपाळी करणाऱ्याची झोप कमी होते, हे सर्वांना दिसते. त्याची जेवणाची, पचनाची आणि रक्तदाबाची वेळही चुकते, हे मात्र सहसा लक्षात येत नाही.

मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या चेतातंतूंच्या तिठ्याच्या वर, चेतापेशींचे दोन लहान पुंजके असतात. मिळून सुमारे २० हजार पेशींचे हे पुंजके म्हणजे शरीराचे मुख्य घड्याळ. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून ते रोज दिवस-रात्रीशी मेळ घालते. यकृत, स्वादुपिंड, हृदय यांच्या पेशींतही स्वतंत्र घड्याळे चालतात. पेशींतली ही यंत्रणा फळमाश्यांमध्ये उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते, रक्तदाब उतरतो आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली येते. डुलकी याच वेळी आवरत नाही आणि कामात चुकाही याच वेळी जास्त होतात. सकाळी घरी येऊन झोपावे, तर शरीर जागे होण्याच्या तयारीत असते. त्यात ऊन, दारावरची बेल आणि घरातली वर्दळ. त्यामुळे दिवसाची झोप तुटक आणि तोकडी होते. वर्षानुवर्षे रातपाळी करूनही बहुतेकांचे घड्याळ पूर्ण उलटे फिरत नाही, कारण साप्ताहिक सुट्टीला ते पुन्हा घरच्यांच्या दिनक्रमात येतात.

जेवणाचे गणितही असेच बिघडते. दुपारी दोनला खाल्लेली पोळी-भाजी आणि रात्री दोनला उघडलेला तोच डबा यांचा परिणाम सारखा होत नाही. रात्री इन्सुलिनचे काम मंदावते, त्यामुळे जेवणानंतर रक्तातील साखर जास्त चढते आणि उशिरा उतरते. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत, २० वर्षांहून अधिक काळ फिरत्या रातपाळ्या केलेल्यांमध्ये टाइप-२ मधुमेहाची जोखीम सुमारे ५८ टक्क्यांनी जास्त आढळली. वाढलेले वजन हिशेबात घेतल्यावर हा फरक बराच घटला, तरी पुसला गेला नाही. जळजळ, पोट फुगणे, बद्धकोष्ठता या तक्रारीही रातपाळीत नेहमीच्या.

हृदयाबाबत २०१२ मध्ये ३४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी जास्त दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रातपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, जोखीम किती मोठी आहे ते नाही. रातपाळी करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो, असा त्याचा अर्थ नव्हे.

हे नुकसान पूर्ण टळत नसले तरी कमी करता येते. पाळ्या फिरवायच्या तर फर्स्ट, सेकंड, नाईट या क्रमाने फिरवाव्यात. झोप पुढे ढकलणे शरीराला अलीकडे ओढण्यापेक्षा सोपे जाते. सलग रातपाळ्या मोजक्याच असाव्यात. पाळीच्या पूर्वार्धात भरपूर उजेड आणि उत्तरार्धात चहा-कॉफी बंद, हा नियम उपयोगी पडतो. मुख्य जेवण पाळीवर जाण्यापूर्वी करून रात्री हलके खावे. कामावर निघण्याआधी तासभर झोप काढावी. परतताना गडद चष्मा वापरावा आणि खोली जाड पडद्यांनी अंधारी करावी. झापड येत असेल, तर दुचाकी चालवत घरी जाऊ नये. मधुमेह, अपस्मार किंवा हृदयविकार असलेल्यांनी रातपाळी स्वीकारण्यापूर्वी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.