सदृशीकरण, व्यावसायिक
व्यवसायाच्या भावी उत्पन्नावर परिणाम करणाऱ्या घटकांचे परस्परसंबंध सूत्ररूपाने मांडून, त्यांत बदल झाल्यास उत्पन्न किती बदलेल, हे आगाऊ पडताळून पाहण्याची पद्धती. ‘असे झाले तर काय?’ या प्रश्नाचे अंकांत दिलेले उत्तर, असे तिचे स्वरूप असते. पूर्वानुमानात सामान्यतः एकच अंदाज वर्तविला जातो; सदृशीकरणात अनेक शक्यतांची तुलना केली जाते. काही घटक (उदा., खरेदीचे प्रमाण, साठा, कर्ज) व्यवस्थापनाच्या हाती असतात, तर पर्जन्यमान, बाजारभाव इ. घटक त्याच्या नियंत्रणाबाहेरचे असतात.

यादृच्छिक संख्यांच्या साहाय्याने असंख्य शक्यता तपासण्याची माँटी कार्लो पद्धती १९४० नंतरच्या दशकात स्टॅनिस्लाव्ह उलाम व जॉन फोन नॉयमान यांनी अमेरिकेत विकसित केली. भांडवल-गुंतवणुकीतील जोखीम मोजण्यासाठी तिचा वापर डेव्हिड हर्ट्झ यांनी १९६४ मध्ये सुचविला. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क हा संगणकीय तक्त्यांचा कार्यक्रम विक्रीस आला आणि एक आकडा बदलताच सर्व हिशेब आपोआप बदलण्याची सोय लहान व्यावसायिकांनाही झाली.

वऱ्हाडातील उपयोग : अमरावती व अकोला जिल्ह्यांतील सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे (जिनिंग-प्रेसिंग) कारखाने हे या पद्धतीचे सुबोध उदाहरण होय. कारखानदार कापूस विकत घेतो. त्यापासून रुई व सरकी मिळते. केवळ उदाहरणादाखल असे मानू, की १०,००० क्विंटल कापूस क्विंटलला ७,२०० रुपयांनी घेतला, प्रक्रिया-खर्च क्विंटलला २५० रुपये आला, रुईचा उतारा ३४% व सरकी ६४% मिळाली आणि २% घट झाली. रुईचा भाव १६,००० व सरकीचा ३,५०० रुपये धरल्यास प्राप्ती ७·६८ कोटी, खर्च ७·४५ कोटी व शिल्लक २३ लाख रुपये येते. १७० किग्रॅ. वजनाच्या २,००० गाठी यातून तयार होतात.

आता उतारा ३३% व सरकी ६५% झाली, तर शिल्लक १०·५ लाखांवर येते. उतारा मूळचाच राहून रुईचा भाव ५% उतरला, तर ४·२ लाखांचा तोटा होतो; दोन्ही गोष्टी एकदम घडल्यास तो १५·९ लाखांवर जातो. उलट, रुई ५% उतरली तरी सरकी १०% चढल्यास १८·२ लाख शिल्लक राहतात. म्हणजे केवळ रुईच्या भावावर नजर ठेवणाऱ्याचा अंदाज चुकतो. कोणत्या भावापर्यंत कापूस घ्यावा व किती कर्ज उचलावे, हे अशा तक्त्यावरून ठरविता येते.

या प्रदेशात भावांची अनिश्चितता जुनीच आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले. महाराष्ट्र शासनाच्या १९७१ च्या अधिनियमानुसार १९७२-७३ च्या हंगामापासून सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत शेतकऱ्यास हमीभाव मिळे. मात्र विक्रीची प्राप्ती कमी पडल्यास तूट शासनावर येई. पुढे या योजनेचा संचित तोटा फार वाढला व २००२ नंतर खरेदीची मक्तेदारी उरली नाही. २०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला, तर २०२३-२४ मध्ये तो हमीभावाच्या आसपास उतरला.

मर्यादा : सदृशीकरणाची विश्वसनीयता गृहीतकांवर अवलंबून असते. घटक परस्परांपासून स्वतंत्र मानल्यास निष्कर्ष फसवे ठरतात. स्थानिक पीक बुडाले म्हणजे भाव चढतीलच असे नाही. कारण रुईच्या भावावर जागतिक बाजाराचाही प्रभाव असतो. तेव्हा आवक व भाव दोन्ही कमी असण्याची शक्यता तक्त्यात अवश्य धरावी लागते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने हीच शक्यता सर्वांत घातक होय. कारण त्याचा पेरणीचा खर्च व कर्ज पाऊस आणि भाव कळण्यापूर्वीच ठरलेले असते. म्हणून अहवालात केवळ सरासरी उत्पन्न न देता, प्रतिकूल स्थितीतील किमान उत्पन्न व त्यामागील गृहीतके स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक असते.