वऱ्हाडची मालकी आणि समुद्रांतलीं बेटें

वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत शिरपूर नांवाचें गांव आहे. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या देवस्थानामुळें त्यास शिरपूर जैन असें म्हणतात. मूर्ति भूमीस न टेकतां अधांतरीं आहे, या श्रद्धेवरून देवाचें नांव पडलें. या देवळाची व्यवस्था कोणीं पाहावी व पूजा कोणत्या पद्धतीनें व्हावी, याविषयीं श्वेतांबर व दिगंबर या दोन पंथांचा वाद फार जुना आहे. १९०५ सालीं उभयतांनीं पूजेच्या वेळा वांटून घेतल्या. तेवढ्यानें भागलें नाहीं. १९१० सालीं श्वेतांबरांनीं अकोल्यास दावा लाविला. तो नागपुरास गेला, आणि तेथून थेट लंडनला, प्रिव्हि कौन्सिलांत. ९ जुलै १९२९ रोजीं तेथें निकाल लागला. व्यवस्था श्वेतांबरांकडे राहिली, व १९०५ च्या ठरावाप्रमाणें पूजा करण्याचा दिगंबरांचा हक्क कायम झाला.

या कज्जाचे गुणदोष सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं व आमचा तसा हेतूहि नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें निराळ्याच गोष्टीनें. लंडनच्या न्यायाधीशांनीं ज्या भूमीवरील देवळाचा निवाडा केला, ती भूमि त्यांच्या राजाच्या मालकीची नव्हती! १९२९ सालीं वऱ्हाडचें स्वामित्व कागदोपत्रीं हैदराबादच्या निजामाचें होतें. इंग्रजांकडे होती ती वहिवाट.

हें कोडें कसें पडलें तें थोडक्यांत सांगतों. निजामाच्या राज्यांत इंग्रजांनीं एक फौज ठेवविली होती व तिचा खर्च निजामाच्या माथीं मारिला होता. तो थकत गेला, कर्ज साचलें, आणि १८५३ च्या तहानें वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख त्या खर्चाच्या तजविजीसाठीं इंग्रजांनीं आपल्या ताब्यांत घेतले. १८५७ च्या धामधुमींत निजाम इंग्रजांच्या बाजूस राहिला. त्याचें फळ म्हणून १८६० सालीं ५० लक्षांचें कर्ज माफ झालें, धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र राहून गेलें. सावकारानें कर्ज फिटलें म्हणून सांगावें आणि गहाण शेतांतलें उत्तम कपाशीचें तेवढें आपल्याकडे ठेवावें, त्यांतलाच हा प्रकार. दिवाण सालारजंग यांनीं वऱ्हाड परत मिळविण्यासाठीं अनेक वर्षें खटपट केली. १८७६ सालीं ते विलायतेसहि जाऊन आले. हातीं कांहीं लागलें नाहीं.

पुढें लॉर्ड कर्झन आले. त्यांनीं १९०२ सालीं निजाम मीर महबूब अली खान यांजकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें घेतलें. बदल्यांत वर्षास २५ लक्ष रुपये. त्याच करारांत निजामाचें स्वामित्व पुन्हां मान्य केलें. मुदत नसलेला पट्टा देणारा धनी आणि शेत विकलेला मनुष्य यांत भेद काय, तो एखाद्या वकिलानेंच सांगावा. परंतु कायद्याच्या दृष्टीनें भेद होता, व तो वऱ्हाडी लोकांस पदोपदीं जाणवे. वऱ्हाड हा ‘ब्रिटिश इंडिया’ नव्हे, म्हणून हिंदुस्थानचे कायदे तेथें परमुलखांतील अधिकार म्हणून लागूं करीत. मध्यप्रांताच्या कायदेकौन्सिलांत वऱ्हाडचे सभासद मतांनीं निवडून येत, आणि मग सरकार त्यांची नेमणूक करी. कारण परक्या राजाच्या रयतेस तेथें निवडून येतां येत नसे!

पुढचे निजाम उस्मान अली खान यांनीं १९२३ सालीं वऱ्हाड परत मागितलें. वऱ्हाडास स्वराज्याची घटना देऊं, असेंहि त्यांनीं जाहीर केलें. लॉर्ड रीडिंग यांनीं मार्च १९२६ मध्यें उत्तर धाडलें कीं, हिंदुस्थानांत ब्रिटिश बादशाहीची सत्ता सर्वश्रेष्ठ असून कोणाहि संस्थानिकास बरोबरीच्या नात्यानें वाटाघाट करतां येणार नाहीं. म्हणजे धनी तुम्ही, पण बरोबरीचे नव्हे. अखेर १९३६ च्या करारानें निजामास ‘हैदराबाद व वऱ्हाडचे निजाम’ आणि त्यांचे वडील चिरंजीव आझम जाह यांस ‘वऱ्हाडचे युवराज’ असे किताब मिळाले. युवराजांस त्या मुलखावर राज्य करण्याचा योग आला नाहीं. १९४७ सालीं इंग्रज गेले, १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी संपली, आणि हा वादहि तेथेंच निमाला.

८३ वर्षांच्या या तहकरारांत एक गोष्ट मात्र कोणी केली नाहीं. शिरपूरच्या, मेहकरच्या, बाळापूरच्या कुणब्यास किंवा वाण्यास, तुला कोणाचा अंमल हवा, हें विचारलें नाहीं.

हें जुनें दप्तर आज उघडण्याचें कारण हिंदी महासागरांत आहे. कन्याकुमारीच्या दक्षिणेस सुमारें १८०० किलोमीटरांवर चागोस बेटें आहेत. मॉरिशस १९६८ सालीं स्वतंत्र झालें. त्यापूर्वीं तीन वर्षें ब्रिटननें हीं बेटें त्यापासून तोडून आपल्याकडे ठेविलीं, आणि त्यांतील दिएगो गार्सिया अमेरिकेस लष्करी तळासाठीं दिलें. मॉरिशस आपणांस अगदींच परकें नव्हे. मळ्यांवर राबण्यास कोंकणांतून गेलेल्या कुळांचे वंशज तेथें आजहि मराठी म्हणून ओळखले जातात, व गणेशचतुर्थीस तेथें सरकारी सुटी असते. २०१९ सालीं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें हीं बेटें तोडणें बेकायदा ठरविलें. २२ मे २०२५ रोजीं ब्रिटन व मॉरिशस यांच्या सह्या ज्या करारावर झाल्या, त्याचें कलम वाचून आम्हांस कर्झनसाहेबांची आठवण झाली: स्वामित्व मॉरिशसचें, दिएगो गार्सियाची वहिवाट ९९ वर्षें ब्रिटनची, आणि त्याबद्दल वर्षास सरासरी १० कोटि १० लक्ष पौंड. मुदत घातली आहे, एवढी सुधारणा झाली म्हणावयाची. करार अंमलांत येण्यास उभय देशांची मंजुरी लागते.

या बेटांवरील दीड-दोन हजार माणसें १९६८ ते १९७३ च्या दरम्यान गलबतांत घालून मॉरिशस व सेशेल्स येथें नेऊन सोडिलीं. घरें, नारळीच्या बागा, पूर्वजांचीं थडगीं मागें राहिलीं. त्यांना तेव्हां कोणी विचारलें नाहीं, आणि २०२४-२५ च्या वाटाघाटींतहि त्यांना जागा नव्हती. कराराप्रमाणें इतर बेटांवर वस्ती करूं देण्याची मॉरिशसला मोकळीक आहे; दिएगो गार्सियावर नाहीं. त्यांच्यांतहि एकमत नाहीं. कित्येकांस करार हवा, तर ब्रिटनमध्यें स्थायिक झालेल्या कित्येकांस मॉरिशसचें स्वामित्वच नको.

ब्रिटनला विचारण्याची रीत ठाऊक नाहीं असें मात्र नव्हे. फॉकलंड बेटांसाठीं १९८२ सालीं अर्जेंटिनाशीं युद्ध झालें; २०१३ सालीं तेथें मतें घेतलीं तेव्हां ब्रिटनच्या विरुद्ध अवघीं तीन पडलीं. जिब्राल्टरमध्यें २००२ सालीं स्पेनशीं सामायिक स्वामित्वाची कल्पना शेंकडा ९८ हून अधिक मतांनीं फेटाळली गेली. तेथें मतदारांचा कौल वेद मानला जातो. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तो कौल चागोसच्या कोळ्यांस आणि वऱ्हाडच्या कुणब्यांस कां लागूं पडला नाहीं?

शिरपूरचा कज्जा मात्र निजाम व इंग्रज दोघांनाहि पुरून उरला. १९८१ सालीं देवळास कुलूप लागलें. तें सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्यें निघालें, आणि बेचाळीस वर्षांपूर्वीं आईबापांचें बोट धरून जे आंत गेले असतील, ते नातवंडांस घेऊन पुन्हां त्या देवाच्या समोर उभे राहिले.