विलेपार्ले

मुंबई उपनगर जिल्ह्यातील विमानतळालगतचे एक निवासी उपनगर. ते पश्चिम रेल्वेवर सांताक्रूझ व अंधेरी यांच्या दरम्यान वसले असून लोहमार्गामुळे त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडतात. पश्चिमेस जुहूचा समुद्रकिनारा व पूर्वेस छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. बोलण्यात ‘पार्ले’ एवढेच नाव रूढ आहे.

जुन्या गावठाणांभोवती विसाव्या शतकाच्या आरंभी मध्यमवर्गीय मराठी व गुजराती कुटुंबांची वस्ती वाढली. पार्ले टिळक विद्यालय (१९२१) व लोकमान्य सेवा संघ (१९२३) या संस्था त्याच काळातील. मिठाच्या सत्याग्रहात (१९३०) येथे स्वयंसेवकांची छावणी होती. १९२९ मध्ये निघालेला व उपनगराच्याच नावाने ओळखला गेलेला बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला.

जुहू येथील विमानतळ १९२८ मधील आहे. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आणलेले विमान तेथेच उतरले. पावसाळ्यात ही सखल जागा पाण्याखाली जाई. दुसऱ्या महायुद्धात लष्करी वापरात असलेल्या सांताक्रूझच्या विमानतळाकडे १९४८ मध्ये नागरी वाहतूक नेण्यात आली. जुहूचा उपयोग पुढे मुख्यतः हेलिकॉप्टरांसाठी राहिला. धावपट्टीजवळ घरे बांधलीच का, हा नेहमीचा आक्षेप पार्ल्याला लागू पडत नाही. येथे वस्ती आधीची व धावपट्टी नंतरची आहे. दुबईत याउलट घडले. तेथील विमानतळ १९६० मध्ये सुरू झाला, तेव्हा शहर लहान होते; लगतची गरहूद ही वस्ती शहराच्या पुढील वाढीतील आहे.

आवाजाचा त्रास डोळ्यांत भरणारा असला, तरी पार्ल्याचा अधिक बिकट प्रश्न इमारतींच्या उंचीचा आहे. मुख्य धावपट्टीच्या पश्चिम टोकापासून ६० मी. अंतरावर एक काल्पनिक उतरते प्रतल सुरू होते. समुद्राकडे जाताना ते दोन्ही बाजूंस फाकत जाते व दर ५० मी. अंतरास १ मी. चढते. या प्रतलाला छेदणारे बांधकाम करता येत नाही. त्याच्या आरंभापासून १ किमी. अंतरावर मर्यादा सु. २० मी. भरते, जमिनीची पातळी सारखी धरल्यास जेमतेम सहा मजले. ही झळ उपनगराच्या दक्षिण भागास विशेष बसते. धावपट्टीभोवतीच्या ४ किमी. परिसरात इतरत्र सर्वसाधारण मर्यादा विमानतळाच्या पातळीपासून ४५ मी. आहे. केंद्र शासनाच्या २०१५ च्या नियमांनुसार बांधकामापूर्वी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला घ्यावा लागतो.

मुंबईत जीर्ण इमारतीच्या पुनर्बांधणीचा खर्च सामान्यतः वाढीव मजल्यांच्या विक्रीतून भागविला जातो. येथे जादा चटईक्षेत्र मंजूर झाले, तरी ते वापरण्यास वर जागा नसते. त्यामुळे विकासक पुढे येत नाहीत आणि तीन-चार मजली जुन्या इमारतींतील रहिवाशांना दुरुस्तीवरच भागवावे लागते. सुरक्षिततेसाठी मर्यादा आवश्यकच आहे. तिची किंमत मात्र प्रवासी वा विमान कंपन्या नव्हे, तर हे रहिवासी मोजतात.

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्याच्यामुळे सांताक्रूझवरील उड्डाणांचा भार हलका होऊ शकेल. उंचीची मर्यादा मात्र उड्डाणांच्या संख्येवर नव्हे, तर धावपट्टीच्या अस्तित्वावर अवलंबून असते.