दम लागला म्हणजेच पळणं झालं?

पहाटे साडेपाचला मैदानावर नवीन आलेलं माणूस लांबूनही ओळखू येतं. ते पहिल्याच फेरीत सुसाट सुटतं. गेल्या जूनमध्ये अशाच एक ताई आल्या. वय ४३, डिसेंबरमधल्या १० किलोमीटरच्या शर्यतीत नाव नोंदवलेलं. ४०० मीटरची एक फेरी पुरी व्हायच्या आत त्या गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या. चेहरा लालबुंद. "सर, माझ्यात दमच नाही हो. उगाच पैसे भरले."

"दोन मिनिटं चाला," मी म्हटलं, "मग माझ्या बाजूनं पळा. आणि पळता पळता काल घरी काय स्वयंपाक होता तो सांगा."

त्यांनी वांग्याचं भरीत सांगितलं, ज्वारीची भाकरी सांगितली, धाकट्यानं भरिताला हात लावला नाही तेही सांगितलं. तेवढ्यात दोन फेऱ्या झाल्या होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पण हे काही पळणं नव्हे."

पहिल्या शर्यतीची तयारी करणाऱ्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच. धाप लागली, छाती भरून आली, तरच पळालो असं वाटतं. खरं तर आठवड्यातलं बहुतेक पळणं बोलता येईल इतक्याच वेगानं व्हायला हवं. एका दमात पूर्ण वाक्य बोलता आलं नाही, तर वेग जास्त झाला. या संथ पळण्यात हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. दम काही आठवड्यांतच वाढल्याचं जाणवतं, पण हाडं आणि कंडरा इतक्या लवकर तयार होत नाहीत. "आता मला जमतंय" असं वाटून माणूस अंतर एकदम वाढवतो, तेव्हाच नडगी ठणकू लागते किंवा टाच धरते.

मध्ये चाललं तर चालतं का, असा प्रश्न लोक खालच्या आवाजात विचारतात. चालतं. जेफ गॅलोवे हे १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावलेले अमेरिकन धावपटू. नवशिक्यांनी ठरवून थोडं पळावं, थोडं चालावं, ही पद्धत त्यांनीच जगभर रुजवली. त्यात थकल्यावर चालायचं नसतं, थकायच्या आधी चालायचं असतं. ताईंनी पहिले दोन महिने दोन मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं, असंच केलं.

आपल्याकडे कुठल्याही शर्यतीला मॅरेथॉन म्हणतात, "५ किलोमीटरची मॅरेथॉन" सुद्धा. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच. हे अंतर १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमधलं, ते १९२१मध्ये कायमचं ठरलं. शब्दाचा हट्ट मी एरवी धरत नाही. पण या शब्दामुळे ५ किंवा १० किलोमीटरला निघालेलं माणूस धास्तावतं आणि शर्यतीआधी पूर्ण अंतर दोन-चारदा पळून पाहतं. त्याची गरज नाही. १० किलोमीटरसाठी सरावात ७-८ किलोमीटरची लांब पल्ल्याची धाव पुरेशी होते. शेवटच्या आठवड्यात तर पळणं कमीच करायचं. त्या आठवड्यात केलेली मेहनत शर्यतीत उपयोगी पडत नाही, तिचा शीण मात्र सोबत येतो.

"गुडघे जातील" हे तर घराघरात ऐकू येतं, बहुतेक वेळा न पळणाऱ्यांकडून. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के, न पळणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवरच्या धावपटूंमध्ये १३.३ टक्के आढळलं. यावरून पळणं म्हणजे गुडघ्यांचं औषध असं मी म्हणणार नाही. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच पळत राहतात, असंही असू शकतं. पण हौसेनं, बेतानं पळणाऱ्याचे गुडघे पळण्यामुळे झिजतातच, याला आधार नाही. ज्यांना आधीच दुखणं आहे, मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना दाखवूनच सुरुवात करावी. पळताना छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर तिथेच थांबावं आणि लगेच दवाखाना गाठावा.

आता अंग आंबण्याविषयी. मराठीतला हा शब्द इतका चपखल आहे, की स्नायूंत आम्ल साचल्यामुळे दुखतं ही समजूत आपल्याला लगेच पटते. दुधाचं दही होताना जे लॅक्टिक आम्ल तयार होतं, तेच पायात साचतं असं सांगतात. पळताना स्नायूंत लॅक्टेट तयार होतं हे खरं, पण थांबल्यावर तासाभरात त्याची पातळी पूर्ववत होते. आणि दुखणं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐन भरात येतं. त्याचं कारण स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजा. सिंहगड चढताना दम निघतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. उतारावर स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, आणि अशा कामात इजा जास्त होते. म्हणून आंबलेल्या पायांना हलकं चालणं, झोप आणि पोटभर जेवण द्यावं. चोळून आम्ल काढायला तिथे आम्ल नसतंच.

पाण्याच्या बाबतीतला गैरसमज जिवावर बेतू शकतो. तहान लागायच्या आत प्या, दिसेल तिथे प्या, असं आपण ऐकत आलो. पण घामावाटे जातं त्याहून जास्त पाणी प्यालं तर रक्तातलं सोडियम उतरतं. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर रक्ततपासणी झालेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचं सोडियम कमी भरलं. त्यात शर्यतीत वजन वाढलेले, म्हणजे घामापेक्षा जास्त प्यालेले, आणि चार तासांहून जास्त वेळ लागलेले अधिक होते. डोकेदुखी, मळमळ, असंबद्ध बोलणं ही लक्षणं. अशा माणसाला उन्हानं झालं असं समजून आणखी पाणी पाजलं तर धोका वाढतो. त्याला वैद्यकीय मदतीकडे न्यावं. १० किलोमीटरला तहान लागेल तसं घोट घोट पिणं पुरतं.

बुटांचं थोडक्यात. महाग म्हणजे चांगले असं नाही. पायाला सुखाचे वाटतात ते चांगले. १९६०मध्ये रोमला अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन जिंकले हे खरं, पण अनवाणी पळायची त्यांना सवय होती, आणि १९६४मध्ये टोकियोला ते बूट घालूनच जिंकले. शर्यतीच्या दिवशी बूट, मोजे, खाणं यातलं काहीही नवं नको, एवढं कटाक्षानं पाळावं.

डिसेंबरात मी आठव्या किलोमीटरच्या पाटीपाशी उभा होतो. सुरुवातीला सुसाट सुटलेले कित्येक जण तिथे पाय ओढत येत होते. ताई त्यांच्या ठरल्या चालीनं आल्या. शेजारी एक अनोळखी मुलगी, रडकुंडीला आलेली. ताई तिला विचारत होत्या, "काल घरी काय स्वयंपाक होता गं?"