विद्यापीठीय स्त्रीकेंद्रे

विद्यापीठीय स्त्रीकेंद्रे : विद्यापीठात शिकणाऱ्या व काम करणाऱ्या स्त्रियांना शिक्षणाची समान संधी व निर्भय वावर लाभावा, अन्याय वा अत्याचार झाल्यास त्यांना साहाय्य मिळावे आणि समतेविषयीची जाण सर्व विद्यापीठीय समाजात रुजावी, ह्या हेतूंनी विद्यापीठांच्या प्रशासनांतर्गत चालविण्यात येणारी केंद्रे. ही संस्था मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) उदयास आली व वाढली. प्रारंभी ‘विमेन्स सेंटर’ किंवा ‘विमेन्स रिसोर्स सेंटर’ अशी नावे रूढ होती. पुढे पुरुष व पारलिंगी व्यक्तींनाही केंद्राचे साहाय्य खुले झाल्यावर अनेक ठिकाणी नावात ‘जेंडर इक्विटी’ (लिंगभावसमता) ह्या शब्दांची भर पडली. स्त्री-अभ्यास विभाग आणि स्त्रीकेंद्र ह्यांत भेद आहे. पहिल्याचे कार्य अध्यापन व संशोधन हे असून दुसऱ्याचा संबंध विद्यापीठातील व्यक्तींच्या प्रत्यक्ष जीवनाशी येतो. सामुदायिक कार्यक्रम व वैयक्तिक साहाय्य ही केंद्राच्या कार्याची दोन अंगे होत. ती वरवर वेगळी दिसली, तरी परस्परांवर अवलंबून असतात.

इतिहास : ह्या प्रकारचे पहिले केंद्र मिनेसोटा विद्यापीठात १९६० मध्ये निघाले, असे सामान्यतः मानले जाते. विवाह व अपत्यसंगोपन ह्यांमुळे शिक्षण खंडित झालेल्या प्रौढ स्त्रियांना पुन्हा विद्यापीठात आणण्याची ‘मिनेसोटा योजना’ हे त्याचे मूळ रूप होते आणि तिला कार्नेगी कॉर्पोरेशनचे अर्थसाहाय्य लाभले होते. मिशिगन विद्यापीठातील केंद्र (१९६४) ह्याच धर्तीचे होते. ह्या पहिल्या पिढीतील केंद्रांचा भर प्रवेश, शिष्यवृत्त्या व मार्गदर्शन ह्यांवर होता.

दुसरी पिढी १९७० नंतरच्या स्त्रीमुक्ती चळवळीतून निर्माण झाली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. १९७३ च्या एप्रिलमध्ये, बलात्काराच्या घटनांनंतर, तेथील स्त्रियांनी कॉलेज हॉल ह्या प्रशासकीय इमारतीत काही दिवस ठिय्या दिला. रस्त्यांवरील दिवे, रात्रीची वाहतूक ह्यांसारख्या सुरक्षेच्या उपायांबरोबरच स्त्रीकेंद्र व स्त्री-अभ्यासक्रम ह्यांच्या मागण्या त्यांनी केल्या आणि त्या बव्हंशी मान्य झाल्या. काही गटांनी विद्यापीठाबाहेर राहणे पसंत केले. हार्व्हर्ड विद्यापीठाच्या एका इमारतीचा १९७१ मध्ये ताबा घेणाऱ्या स्त्रियांच्या आंदोलनातून निघालेले केंब्रिज येथील स्त्रीकेंद्र हे स्वतंत्र, नागरी स्वरूपाचे आहे. विद्यापीठाच्या आत राहिल्यास जागा, पगारी सेवकवर्ग व सातत्य लाभते, बाहेर राहिल्यास स्वातंत्र्य लाभते. हा पेच ह्या संस्थेला आरंभापासून चिकटलेला आहे.

कायद्याची पार्श्वभूमी : २३ जून १९७२ रोजी संमत झालेल्या शिक्षणविषयक दुरुस्ती कायद्यातील ‘टायटल नाइन’ ह्या तरतुदीने संघशासनाचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई केली. लैंगिक छळ हाही भेदभावाचाच एक प्रकार होय, हा युक्तिवाद येल विद्यापीठातील विद्यार्थिनींनी १९७७ मध्ये गुदरलेल्या ‘अलेक्झांडर विरुद्ध येल’ ह्या दाव्यात पुढे आला. वादी पक्षाला १९८० च्या अपिलातही दाद मिळाली नाही. तथापि तो युक्तिवाद पुढे सर्वमान्य झाला व विद्यापीठांनी तक्रार-निवारणाच्या पद्धती घालून दिल्या. १९९० च्या ‘क्लेरी’ कायद्याने परिसरातील गुन्ह्यांची आकडेवारी प्रसिद्ध करणे संस्थांवर बंधनकारक केले. ह्या कायद्यांनी केंद्रांना थेट जन्म दिला नसला, तरी त्यांच्या कार्याला आधार मिळवून दिला.

सामुदायिक कार्यक्रम : केंद्राचे वार्षिक वेळापत्रक साधारणतः काही ठरलेल्या कार्यक्रमांभोवती गुंफलेले असते. सत्रारंभी नवागतांचे स्वागत होते. मार्चमध्ये स्त्री-इतिहासाचा महिना पाळला जातो. कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात १९७८ मध्ये साजऱ्या झालेल्या सप्ताहापासून ह्या प्रथेचा आरंभ झाला व १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिला महिन्याचे स्वरूप दिले. एप्रिल हा लैंगिक अत्याचारविरोधी जागृतीचा महिना असतो. त्या महिन्यातील ‘टेक बॅक द नाइट’ ही रात्रीची पदयात्रा विशेष प्रसिद्ध आहे. स्त्रीने रात्री घराबाहेर पडू नये, ह्या संकेताला सामूहिक चालण्याने दिलेले हे उत्तर असून १९७५ मध्ये फिलाडेल्फियात व १९७८ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोत निघालेल्या मोर्चांपासून ही परंपरा अमेरिकेत रूढ झाली. पदयात्रेच्या अखेरीस स्वतःचा अनुभव सांगू इच्छिणाऱ्यांना बोलण्याची संधी दिली जाते.

‘क्लोथ्सलाइन प्रॉजेक्ट’ ह्या उपक्रमात अत्याचारग्रस्त व्यक्ती आपला अनुभव सदऱ्यावर शब्दांनी वा चित्रांनी मांडतात आणि ते सदरे कपडे वाळत घालण्याच्या दोरीवर टांगले जातात. मॅसॅचूसेट्समधील हायॅनिस येथे १९९० मध्ये ३१ सदऱ्यांनी त्याचा प्रारंभ झाला. रंगांनाही अर्थ असतो : पांढरा सदरा हिंसाचारात मृत्यू पावलेल्या स्त्रीसाठी, तर तांबडा, गुलाबी वा नारिंगी बलात्कारग्रस्त स्त्रीसाठी. सदऱ्यावर नाव लिहिण्याची सक्ती नसते. ‘डेनिम डे’ ह्या दिवशी जीन्स परिधान करून निषेध नोंदविला जातो. पीडितेची घट्ट जीन्स तिच्या संमतीशिवाय काढता आली नसती, अशा कारणावरून इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने एका आरोपीची शिक्षा रद्द केली होती. तो निर्णय १९९९ मध्ये उघड झाल्यावर झालेल्या निषेधातून ही प्रथा निघाली.

ह्यांशिवाय वाचनमंडळे, चित्रपट व चर्चा, वेतनाविषयी वाटाघाटी करण्याचे प्रशिक्षण, विज्ञान व अभियांत्रिकी शाखांतील विद्यार्थिनींचे मेळावे, मातांचे गट, तसेच प्रसंग पाहणाऱ्या त्रयस्थाने सुरक्षितपणे हस्तक्षेप कसा करावा ह्याचे वर्ग असे कार्यक्रम वर्षभर चालतात. अनेक केंद्रांत एखादी बैठकीची खोली दिवसभर उघडी असते. तेथे चहा घ्यावा, अभ्यास करावा, तान्ह्या मुलाला स्तनपान करावे. येणाऱ्याला येण्याचे कारण सांगावे लागत नाही.

साहाय्य : अत्याचार, पाठलाग, जोडीदाराकडून होणारी हिंसा व लैंगिक छळ ह्यांनी ग्रस्त झालेल्या व्यक्तींना आधार देणे, हे साहाय्याचे सर्वांत नाजूक अंग होय. केंद्राची साहाय्यक कार्यकर्ती त्या व्यक्तीस उपलब्ध मार्ग समजावून सांगते. तिच्या इच्छेनुसार रुग्णालयात, पोलिसांकडे किंवा विद्यापीठाच्या चौकशीस तिच्यासोबत जाते. वसतिगृहातील खोली बदलणे, परीक्षेची मुदत वाढविणे, वर्गाची वेळ बदलणे ह्यांसाठी संबंधित कार्यालयांशी बोलते. निर्णय मात्र त्या व्यक्तीचाच असतो. ज्या प्रसंगात तिची इच्छा डावलली गेली, त्यातून सावरताना ती पुन्हा डावलली जाऊ नये, हे ह्या कार्याचे मूलतत्त्व आहे. गर्भवती व अपत्ये असलेल्या विद्यार्थिनींना सवलती मिळवून देणे, तातडीचे लहान आर्थिक साहाय्य, शिशुसंगोपनाची माहिती, मासिक पाळीच्या काळातील साधनांचे विनामूल्य वाटप ही कामेही अनेक केंद्रे करतात.

अशा साहाय्याची निकड पाहण्यांतून दिसून आली आहे. अमेरिकी विद्यापीठ संघाने २०१५ मध्ये २७ विद्यापीठांतील दीड लाखाहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. पदवीपूर्व वर्गांतील २३·१ टक्के विद्यार्थिनींनी, विद्यापीठात प्रवेश घेतल्यापासून बळजबरीने अथवा असमर्थ अवस्थेत असताना आपल्याशी लैंगिक संपर्क करण्यात आल्याचे सांगितले. प्रसंगाची माहिती कोणत्याही अधिकृत यंत्रणेस देणाऱ्यांचे प्रमाण, प्रसंगाच्या प्रकारानुसार, अवघे ५ ते २८ टक्के होते.

उभय अंगांचा संबंध : ह्या शेवटच्या आकड्यातच सामुदायिक कार्यक्रमांचे खरे महत्त्व सामावलेले आहे. बहुतेक पीडित व्यक्ती तक्रारीच्या कार्यालयात जात नाहीत. लज्जा, सूडाची भीती, आपल्यावर विश्वास ठेवला जाणार नाही ही शंका, किंवा घडले ते तक्रार करण्याइतके गंभीर नव्हते अशी समजूत त्यांना रोखून धरते. वाचनमंडळासाठी वा चहासाठी जिथे जाणे झाले आहे, तिथे पुढे एखाद्या दिवशी एकटीने जाणे मात्र सोपे जाते. शिवाय ज्या दालनात अनेक कारणांनी अनेक जण ये-जा करतात, तिथे जाणारी व्यक्ती पीडित म्हणून ओळखली जात नाही. म्हणून कार्यक्रम हे साहाय्याला जोडलेले करमणुकीचे अंग नसून त्याचे प्रवेशद्वार होय. उलट, ज्या केंद्राकडे प्रशिक्षित साहाय्यक नाहीत, तेथील जागृतीचे कार्यक्रम व्यथा उघड करतात. पण तिच्या परिहाराची सोय करू शकत नाहीत.

गोपनीयता हा ह्या संबंधातील कळीचा प्रश्न आहे. अनेक विद्यापीठांच्या नियमांनुसार बहुतेक सेवकांनी आपल्या कानांवर आलेली छळाची वार्ता संबंधित अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक असते. समुपदेशक, वैद्यकीय सेवक व धर्मोपदेशक ह्यांना सामान्यतः त्यातून सूट असते. स्त्रीकेंद्राचे सेवक कोणत्या वर्गात मोडतात, हे राज्याचे कायदे व विद्यापीठाचे धोरण ह्यांवर ठरते. कॅलिफोर्नियात किमान ४० तासांचे विहित प्रशिक्षण घेतलेल्या लैंगिक अत्याचार समुपदेशकाशी झालेल्या संभाषणास पुराव्याच्या कायद्याने संरक्षण आहे. जेथे असे संरक्षण नाही, तेथे बोलण्यास आरंभ होण्यापूर्वीच ही मर्यादा समोरच्या व्यक्तीस सांगणे, हा चांगल्या केंद्रांचा दंडक असतो.

अलीकडील स्थिती : विद्यापीठाच्या आत राहण्याचे मूल्य अलीकडे प्रकर्षाने प्रत्ययास आले. टेक्सस राज्यात समता व समावेशविषयक कार्यालयांना प्रतिबंध करणारा कायदा १ जानेवारी २०२४ पासून अंमलात आला. ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठाने आपल्या ‘जेंडर अँड सेक्शुअ‍ॅलिटी सेंटर’चे नाव बदलून ‘विमेन्स कम्युनिटी सेंटर’ असे ठेवले. परंतु त्याच वर्षी तेही बंद झाले. अशाच स्वरूपाच्या कायद्यामुळे यूटा विद्यापीठाचे स्त्रीकेंद्र २०२४ मध्ये बंद करण्यात आले. हार्व्हर्ड कॉलेजचे २००६ मध्ये सुरू झालेले स्त्रीकेंद्र २०२५ मध्ये अन्य कार्यालयांसह एका नव्या संयुक्त कार्यालयात विलीन झाले. विशिष्ट गटासाठी कार्यालय ठेवणे हाच भेदभाव होय, असा विरोधकांचा आक्षेप असतो. अमेरिकी महाविद्यालयांत १९७९ पासून स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक आहे, हेही दाखवून दिले जाते. संख्याधिक्याने सुरक्षितता आपोआप लाभत नाही, हे समर्थकांचे उत्तर असून उपर्युक्त पाहणी त्याला पुष्टी देते. केंद्र बंद झाल्यावर समुपदेशन व तक्रारीची कार्यालये शिल्लक राहतात. मात्र कारण न सांगता जाता येईल अशी जागा नाहीशी होते.

भारतातील स्थिती : भारतात विद्यापीठीय केंद्रांचा विकास मुख्यत्वे स्त्री-अभ्यासाच्या अंगाने झाला. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई ह्यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये संशोधन केंद्र सुरू झाले. त्याच विद्यापीठात १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने पुढे अनेक केंद्रे निघाली. पुणे विद्यापीठातील १९८७ मध्ये सुरू झालेले व नंतर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले ह्यांचे नाव धारण करणारे केंद्र त्यांपैकीच होय.

वैयक्तिक साहाय्याची बाजू मात्र निराळ्या मार्गाने आली. ‘विशाखा’ खटल्यातील निर्णयानंतर (१९९७) विद्यापीठांत छळविरोधी समित्या स्थापन झाल्या. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील १९९९ ची समिती जागृती व तक्रार-निवारण ही दोन्ही कामे करीत असे. २०१७ मध्ये तिच्या जागी अंतर्गत तक्रार समिती आली. आयोगाच्या ‘सक्षम’ अहवालाने (२०१३) समुपदेशन व लिंगभावविषयक प्रशिक्षण ह्यांवर भर दिला. २०१५ च्या विनियमांनुसार विद्यार्थ्यांचा संबंध असलेल्या प्रकरणांत तक्रार समितीवर तीन निर्वाचित विद्यार्थी प्रतिनिधी असावे लागतात. महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून महिला विकास कक्ष व ‘निर्भय कन्या अभियान’ ह्यांसारखे उपक्रम चालतात. अभ्यास, जागृती व तक्रार ह्यांच्या यंत्रणा भारतात अशा रीतीने बहुधा वेगवेगळ्या राहिल्या आहेत. ही तिन्ही कामे परस्परांना जोडणारी, विद्यार्थिनीला सहज जाता येईल अशी जागा महाविद्यालयाच्या आवारात कोठे आहे, ह्यावर त्यांची परिणामकारकता बरीचशी अवलंबून असते.