‘त्या’पासून ‘आम्ही’पर्यंत

1933 साली विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला आणि ही विभावरी कोण, याची शोधाशोध सुरू झाली. शिकलेली, नोकरी करणारी, लग्नाचं वय उलटत चाललेली मुलगी मनात काय झुरते, हे इतकं उघड कुणी लिहिलं नव्हतं. त्यातल्या एका कथेचं नावच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ मुलीच्या पगारावर घर चालतं आणि त्याच घरात तिच्या लग्नाचा विषय मागे पडतो. टोपणनावाआड होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. महर्षी कर्व्यांच्या स्त्रीशिक्षण संस्थेत शिकलेल्या आणि तिथल्याच शाळेत शिकवणाऱ्या.

त्या एवढ्यावर थांबल्या असत्या तरी मराठी कथेत त्यांचं नाव राहिलं असतं. पण 1937च्या सुमारास त्या सोलापूरच्या सेटलमेंटवर सरकारी नोकरीत गेल्या. 1871पासून चालत आलेल्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची ही वस्ती: भोवती तारेचं कुंपण, आत हजेरी, बाहेर जायचं तर परवानगी. मालतीबाई तिथे कैदी नव्हत्या, अधिकारी होत्या. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ज्या यंत्रणेची हजेरी होती त्याच यंत्रणेचा पगार घेत त्यांनी ती माणसं पाहिली, आणि लिहायची घाई केली नाही. त्यावरची ‘बळी’ ही कादंबरी आली 1950मध्ये, नोकरी संपून दहा वर्षं झाल्यावर. दोन वर्षांनी तो कायदाही देशभरातून गेला. ‘बळी’मधली बाई कळवळ्यासाठी उभी केलेली नाही, ती भांडते, हिशेब करते, चुकते. अहवालात तिचा फक्त आकडा झाला असता.

तरीही अहवालाची वाट त्यांनी सोडली नाही. पुढे ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ हे समाजशास्त्रीय पुस्तक त्यांनी लिहिलं. या नावापाशी मी नेहमी थांबते. लोक अशा बाईला पळून गेलेली म्हणतात, टाकलेली म्हणतात. पहिल्यात दोष तिचा, दुसऱ्यात ती एक वस्तू. ‘मुकलेली’ म्हटलं की आधी दिसतं ते तिचं नुकसान.

पण या सगळ्या लेखनात ती बाई ‘ती’ किंवा ‘त्या’च राहिली. कितीही जवळून पाहिलं तरी पाहणारी दुसरीच होती.

हे बदललं ऐंशीच्या दशकात. फलटणला किराणा दुकान चालवणाऱ्या बेबीताई कांबळे गल्ल्यावर बसून लिहीत आणि घरच्यांना दिसू नयेत म्हणून वह्या लपवून ठेवत. मालतीबाईंनी नाव लपवलं होतं. बेबीताईंना लिहिणंच लपवावं लागलं, तेही तब्बल वीस वर्षं. 1982मध्ये ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं, 1986मध्ये पुस्तक झालं: ‘जिणं आमुचं’. आत्मकथन, पण नावात ‘माझं’ नाही. महारवाड्यातल्या भुकेचं, बाळंतपणांचं, सासुरवासाचं ते लेखन आहे. नवऱ्याच्या माराबद्दलही त्या बोलल्या, पण बऱ्याच नंतर, मुलाखतीत.

संशोधनही मग त्याच वाटेने गेलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठलं, त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या. 1989मध्ये त्याचं पुस्तक झालं. विचारणाऱ्या आणि सांगणाऱ्या एकाच चळवळीतल्या, म्हणून नावही दोघींना पुरणारं: ‘आम्हीही इतिहास घडवला’.